अंगणाखालच्या टाकीचा वाली कोण?

दिवाळी आठ दिवसांवर आली की घराघरांतून जी झाडलोट सुरू होते तिला वर्षभरात तोड नसते. माळ्यावरचे पितळी डबे खाली उतरतात, कोळिष्टके निघतात, गाद्या उन्हात पडतात, एखाद्या भिंतीला रंगाचा हात फिरतो. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान आटोपून पायाखाली कारीट फोडले की घरातली सारी घाण गेली असे आपण समजतो. या धांदलीत घराचा एक भाग मात्र वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानीमनी येत नाही. तो तुळशीवृंदावनापासून चार हातांवर, नाहीतर सोसायटीतल्या मोटारी उभ्या राहतात त्या फरशीखाली, निमूटपणे आपले काम करीत असतो.

ही आपली सेप्टिक टाकी. गवंड्यांपासून घरमालकांपर्यंत पुष्कळ लोक तिला ‘सेफ्टी टँक’ म्हणतात. हा अपभ्रंश मोठा गमतीचा आहे. ‘सेप्टिक’ या मूळ शब्दाचा अर्थ ‘सडवणारी’. ‘सेफ्टी’ म्हणजे सुरक्षितता. ती या टाकीत किती असते ते पुढे येईलच.

शहरात राहणाऱ्यांना वाटते, आपल्या खाली भुयारी गटार आहे, टाकीचा प्रश्न खेडेगावचा. हा समज आकड्यांपुढे टिकत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरी घरांपैकी सुमारे ३८ टक्के घरांचा मैला सेप्टिक टाकीत जात होता आणि भुयारी गटाराला जोडलेली घरे सुमारे ३३ टक्के होती. म्हणजे त्या वेळी शहरांतूनसुद्धा गटारावर विसंबलेल्यांपेक्षा टाकीवर विसंबलेलेच अधिक होते. मुंबई-पुण्याची हद्द ओलांडून तालुक्याच्या गावी गेले की सगळा कारभार टाकीवरच चालतो.

टोपलीपासून टाकीपर्यंत

ज्यांनी जुने वाडे आणि चाळी पाहिल्या आहेत त्यांना टाकी म्हणजे केवढी सुटका होती हे सांगावयास नको. संडासाच्या मागे एक लहानसे दार, त्याच्या आत टोपली किंवा डबा, आणि तो उचलून नेणारा माणूस. मुंबईच्या चाळींमधल्या घरगल्ल्या आणि वाड्यांच्या पाठीमागचे बोळ याच माणसाच्या ये-जा करण्यासाठी ठेवलेले असत. त्याने पुढच्या दाराने यावयाचे नाही असा दंडक होता. मुंबई सरकारने १९४९ साली या कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली. १९५२ साली तिचा अहवाल आला आणि डोक्यावरून मैला वाहण्याची रीत किती अमानुष आहे ते सरकारी कागदावर उमटले.

त्याच्याही आधी कोकणच्या आप्पासाहेब पटवर्धनांनी हा प्रश्न स्वतःच्या हातांनी हाताळला होता. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचे काम मागितले. उच्चवर्णीय कैद्याला ते काम देता येत नाही म्हणून अधिकाऱ्यांनी नकार दिला. आप्पासाहेबांनी अन्न कमी केले आणि डिसेंबरमध्ये येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेबांनी जो संडास तयार केला तो ‘गोपुरी संडास’ म्हणून प्रसिद्ध आहे. मैला कोणाच्या डोक्यावर न चढता जागच्या जागी खत व्हावा, हा त्यातला विचार.

सेप्टिक टाकीची जन्मकथा मात्र परदेशातली. फ्रान्समधल्या वेझूल गावच्या जाँ-लुई मुरास नावाच्या गृहस्थाने १८६० च्या सुमारास आपल्या घरासाठी एक बंद दगडी टाकी बांधली. बऱ्याच वर्षांनी ती उघडून पाहतात तो आत गाळ जवळजवळ नाहीच, नुसते पाणी, असे सांगतात. १८८१ मध्ये त्याने या युक्तीचे पेटंट घेतले. इंग्लंडमध्ये एक्झिटर शहराच्या डोनल्ड कॅमेरॉन या अभियंत्याने १८९५ च्या सुमारास तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव देऊन रूढ केले. आणि आश्चर्य असे, की एवढ्यात, म्हणजे १८९७ च्या सुमारास, आपल्या माटुंग्याच्या कुष्ठधामात अशा टाकीतला वायू साठवून त्यावर इंजिन चालवण्याचा प्रयोगही झाला होता!

मुरासच्या गोष्टीने एक घोटाळा मात्र करून ठेवला. टाकी आपली आपण सगळे खाऊन टाकते, तिला कधी उपसावे लागत नाही, ही समजूत तिच्याबरोबरच जगभर गेली आणि आपल्याकडे तर ती घट्ट बसली. ‘आमची टाकी वीस वर्षांत एकदाही भरली नाही हो!’ असे अभिमानाने सांगणारे गृहस्थ गल्लोगल्ली भेटतात. टाकी भरली नाही याचा खरा अर्थ बहुधा असा, की ती कधीच भरून गेली आहे आणि आता एका बाजूने आलेला मैला दुसऱ्या बाजूने जसाच्या तसा बाहेर पडतो आहे. नाहीतर मुळात तिला तळच नाही.

साय, पाणी आणि विरजण

टाकीचे काम स्वयंपाकघरातल्या उपमांनी चटकन समजते. संडासातून आलेले पाणी टाकीत एक-दोन दिवस संथ राहिले पाहिजे. जड भाग तळाशी बसतो, तो गाळ. तेलकट, हलका भाग वर तरंगतो आणि दुधावर साय धरावी तसा थर धरतो. मधले त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी पलीकडच्या नळातून बाहेर जाते. साय आणि गाळ बाहेर पडू नयेत म्हणून आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या नळांना इंग्रजी ‘टी’च्या आकाराचे तोंड लावतात. थोडे पैसे वाचवण्यासाठी गवंडी हे ‘टी’ गाळतो, आणि तिथेच निम्मी टाकी फुकट जाते.

तळच्या गाळात हवेवाचून जगणारे जंतू असतात. ते गाळ कुजवतात, त्याचा वायू करतात आणि त्याचे आकारमान घटवतात. घटवतात, नाहीसे करीत नाहीत. म्हणून दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावीच लागते. उपसताना थोडा गाळ मागे ठेवावयाचा असतो. दह्याचे भांडे घासूनपुसून लख्ख केले तर पुढचे दही लागणार कशाने? संडासात रोज भरमसाट ॲसिड ओतणाऱ्या घरात हेच विरजण मरते. घर निर्मळ ठेवण्याच्या हौसेत टाकी मात्र निकामी होते.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. टाकी मैला वेगळा करते, पाणी शुद्ध करीत नाही. बाहेर पडणारे पाणी दिसायला निवळ असले तरी त्यात रोगजंतू भरपूर असतात. ते शोषखड्ड्यात जाऊन, मातीच्या थरांतून गाळत गाळत जिरले तरच काम पुरे होते. येथेच महाराष्ट्राच्या भूगोलाचा संबंध येतो. देशावरची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि पाणी पिईनाशी होते. मग शोषखड्डा तुंबतो. उलट कोकणातला जांभा भोकाभोकांचा. पाणी त्यातून झरझर निघून जाते, पण गाळले जात नाही. पाणी दिसेनासे झाले म्हणून वरच्या आळीतला मालक खूश, आणि खालच्या आळीतल्या विहिरीवर गॅस्ट्रोची साथ.

याला उपाय शास्त्राने दिलेला आहे. बांधण्याआधी जागेवर खड्डा खणून तो पाण्याने चांगला भिजवावा आणि मग भरलेले पाणी २५ मिलिमीटर खाली जायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून पाहावे. तासाहून अधिक वेळ लागला तर त्या जमिनीत शोषखड्डा करू नये, दुसरी व्यवस्था करावी, असे मानक सांगते. विहिरीपासून शोषखड्डा किती दूर असावा याचे आकडे १२ ते १८ मीटर असे निरनिराळ्या नियमांत सापडतात. बंगल्याच्या दरवाजाची दिशा ठरवण्यासाठी तज्ज्ञाला दोनदोनदा बोलावणारे आपण, ही तासाभराची परीक्षा किती जण करतो?

कायदा एकदाच येतो

नियम नाहीत अशी तक्रार कोणी करू नये. सेप्टिक टाकीसाठी भारतीय मानक क्रमांक २४७० आहे. त्याची १९८५ साली सुधारलेली आवृत्ती अभियंते वापरतात. पाच माणसांच्या कुटुंबाला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली मीटरभराच्या वर, एवढी टाकी पुरते. म्हणजे एका माणसाच्या पलंगाहूनही लहान! मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. बांधकामाची परवानगी, नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र हे सारे तिच्या आधाराने चालते. पाण्याच्या प्रदूषणाबद्दल तर महाराष्ट्राने केंद्राच्याही आधी पाऊल टाकले. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झाले, केंद्राचा जलप्रदूषणाचा कायदा त्यानंतर १९७४ चा.

मग अडते कुठे? माझ्या मते ते येथे अडते, की कायदा टाकीच्या बारशाला येतो आणि पुन्हा कधी फिरकत नाही. नकाशावर एक चौकोन काढलेला असतो, त्यावर शिक्का पडतो. पुढे प्रत्यक्षात टाकी त्या मापाची झाली का, तिला दोन कप्पे आहेत का, बाहेरचा नळ शोषखड्ड्यात गेला की गुपचूप रस्त्याकडेच्या उघड्या गटाराला जोडला, हे माती पडल्यावर कोणाला दिसणार? मोटारीचा धूर ठराविक मुदतीने तपासून दाखला घ्यावा लागतो, सोसायटीच्या लिफ्टचीही तपासणी होते. टाकीला तसा वर्षानुवर्षे कोणी विचारीत नाही. घरपट्टीच्या बिलात किती चौरस फूट बांधकाम आहे ते असते; टाकी शेवटी कधी उपसली ते नसते.

त्यामुळे टाकीची आठवण होते ती थेट अंगणात पाणी वर आल्यावर. मग धावपळ, फोनाफोनी, आणि मिळेल त्या गाडीवाल्याला बोलावणे. तो मैला उपसून नेतो. कुठे नेतो? हा प्रश्न विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. पुष्कळ गावांत ही गाडी रात्री एखाद्या ओढ्याच्या काठी किंवा गावाबाहेरच्या माळावर रिकामी होत आली आहे. आपल्या घरची घाण अशा रीतीने गावच्या पाण्यात जाते, आणि आपण पैसे मोजून निश्चिंत होतो.

गाडी गल्लीत शिरत नसेल तर याहून वाईट प्रकार होतो. मग दोन माणसे आणि बादली-दोरी येते.

बंद टाकीत मिथेन असतो, कार्बन डायॉक्साइड असतो आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हा शेवटचा वायू फसवा आहे. थोडा असेल तर नाक त्याची सूचना देते, प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. वास गेला, आता भीती नाही, असे समजून माणूस खाली उतरतो आणि दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्या मागे तिसरा. म्हणूनच या बातम्यांत मृतांचा आकडा बहुधा एक नसतो. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे व सेप्टिक टाक्या साफ करताना देशात ३७७ माणसे मेली, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या टाकीत असेच तीन कामगार गेले. त्यांच्या पत्नींनी उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०२१ साली न्यायालयाने प्रत्येकीला दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तुमच्या-आमच्यासारख्याच लोकांची ती संस्था. सभासद रोज त्या झाकणावरून कामावर जात-येत असतील.

कायदा येथे अगदी स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा अधिनियम सांगतो की, कोणत्याही व्यक्तीने, स्थानिक संस्थेने किंवा एजन्सीने गटाराच्या किंवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईला माणूस लावता कामा नये, प्रत्यक्ष नाही आणि अप्रत्यक्षही नाही. ‘कोणत्याही व्यक्तीने’ यात घरमालक आला, सोसायटीचा चिटणीस आला. ‘आम्ही ठेकेदाराला सांगितले होते’ ही सबब ‘अप्रत्यक्ष’ या एका शब्दाने बाद होते. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अजामीनपात्र. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृताच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे ठरवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. एवढे असूनही बादली-दोरीचा भाव ठरवताना घासाघीस करणारे लोक आहेत, आणि ते चांगले शिकलेले आहेत.

वाईची वहिवाट

कृष्णाकाठचे वाई म्हटले की आपल्याला ढोल्या गणपती आणि मराठी विश्वकोशाची कचेरी आठवते. गेल्या काही वर्षांत या गावाने आणखी एका कामात नाव मिळवले आहे. लोकवस्ती २०११ साली छत्तीस हजारांच्या घरात. २०१८ पासून वाई नगरपरिषदेने असे ठरवले की टाकी भरून वाहण्याची वाट पाहावयाची नाही. गावाचे भाग पाडावयाचे आणि प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा पाळीने उपसावयाची. गाडी ठेकेदाराची, पण वेळापत्रक नगरपरिषदेचे. उपसण्याच्या दिवशी घरमालकाने वेगळे पैसे द्यावयाचे नाहीत. खर्च कराच्या उत्पन्नातून भागवावयाचा. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही हीच पद्धत घेतली. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या पाणी व स्वच्छता केंद्राचे साहाय्य दोन्ही गावांना होते. टाक्या वेळापत्रकाने उपसण्याची रीत देशात सर्वांआधी घालणाऱ्या गावांत ही दोन गावे मोडतात.

उपसलेला मैला जातो तो प्रक्रिया केंद्रात. दोन्ही केंद्रांची क्षमता दिवसाला सत्तर हजार लिटरांची. वाईला उष्णता देऊन गाळाची विल्हेवाट लावतात, सिन्नरला तो वाफ्यांत वाळवतात. ठेकेदाराला पैसे मिळतात ते केलेल्या कामावर आणि नोंदीवर, म्हणून वाटेतल्या ओढ्यात गाडी रिकामी करण्यात त्याचेच नुकसान. हा सगळ्यांत शहाणपणाचा भाग मला वाटतो. माणसाच्या सद्बुद्धीवर योजना उभी न करता त्याच्या हिशेबावर उभी केली आहे.

राज्य सरकारने २०१६ साली टाक्यांतील मैल्याच्या व्यवस्थेबद्दल नगरपालिकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राचे राष्ट्रीय धोरण आले, आणि त्यानंतर राज्यातल्या पुष्कळ लहान शहरांत प्रक्रिया केंद्रे उभारण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला. परंतु केंद्र बांधणे सोपे, त्यात रोज मैला आणणे कठीण. लोकांनी टाक्या उपसल्याच नाहीत तर वाळवण्याचे वाफे कोरडेच राहावयाचे. वाईने आधी वेळापत्रकाचा विचार केला, यात तिचे मर्म आहे.

खेड्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे सरकार सांगते दोन खड्ड्यांचा संडास बांधा: एक खड्डा भरला की दुसरा वापरात घ्यावयाचा, पहिल्यातल्या मैल्याचे वर्ष-दोन वर्षांत वासरहित खत होते. खर्च कमी, गाडीची गरज नाही, टाकीत उतरण्याचा प्रश्न नाही. तुकोबांच्या देहूत आरोग्य अधिकारी म्हणून गेलेल्या डॉ. सुहास मापुसकरांनी १९६० च्या सुमारापासून संडासाचा ध्यास घेतला. आप्पासाहेबांच्या कामापासून स्फूर्ती घेऊन त्यांनी संडासाला जोडलेली ‘मलप्रभा’ गोबरगॅस-पद्धत सिद्ध केली. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एवढे घरचे ज्ञान हाताशी असताना लोकांना हौस असते ती खोलीएवढ्या टाकीची. ‘नातवापर्यंत बघायला नको’ हे तिचे समर्थन. खरे कारण बोलले जात नाही. घरचा खड्डा घरच्यांनी उपसण्याची वेळ येऊ नये, हे जातीने शिकवलेले सोवळे अजून सुटलेले नाही. आणि पुण्या-मुंबईचा माणूस कोकणात किंवा मावळात दुसरे घर बांधतो तेव्हा हेच सोवळे सिमेंटमध्ये ओतून येतो. त्या गावच्या ग्रामपंचायतीकडे ना अभियंता, ना मैला उपसणारी गाडी.

ज्यांना स्वतःच्या टाकीबद्दल काहीच ठाऊक नाही त्यांनी आधी झाकण शोधावे. पुष्कळ ठिकाणी ते नव्या फरशीखाली गडप झालेले असते. पावसाळ्यापूर्वी मोकळे करून घ्यावे. वायूच्या उभ्या नळीच्या तोंडाला जाळी आहे का ते पाहावे, नसेल तर डासांची पैदास तिथेच. टाकी किती भरली हे पाहावयाचे असेल तर पांढरे फडके गुंडाळलेली लांब काठी बाहेर उभे राहून माहीतगाराकडून घालवावी. गाळ आणि साय मिळून खोलीच्या एक-तृतीयांशापुढे गेली असेल तर उपशाची वेळ झाली. उघड्या झाकणाजवळ काडी ओढू नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये, आत डोकावू नये. कोणी पडलेच तर मागोमाग उडी न घेता अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे. उपसा यंत्राच्या गाडीनेच करावा, आणि गाडीवाल्याला मैला कोठे टाकणार ते विचारून पावतीवर लिहून घ्यावे. नगरपालिकेत दाद लागत नसेल तर १४४२० हा सफाईसाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे. सोसायट्यांच्या वार्षिक सभा होतात. रंगकाम आणि पार्किंग या विषयांच्या वर, पहिल्या क्रमांकाला, टाकी शेवटी कोणत्या साली उपसली हा प्रश्न घालावा. उत्तर कोणालाच ठाऊक नसेल तर गाडी त्याच आठवड्यात बोलवावी.